माहुलच्या बाईला जे सांगायचं होतं

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी वयानं तुमच्यापेक्षा मोठी आहे. तरी हे लिहिताना पाठ ताठ होते. तुमचा धाकच तसला! घाटकोपरच्या आपल्या छोट्या हॉस्पिटलात मी असिस्टंट म्हणून आले, त्याच आठवड्यात ऑपरेशनच्या टेबलाशी तुम्ही माझ्या हातावर फाडकन चापट मारलीत. तेव्हा रबरी ग्लोव्हज धुऊन, वाळवून, ठिगळं लावून पुन्हा वापरायचो आपण, आणि ते हातात सरकावेत म्हणून पावडर फासलेली असायची. पोट उघडण्याआधी सिस्टरनं धरलेल्या पाण्यात हात बुडवून ती धुवायची, हा तुमचा नियम. मी विसरले होते. "बाईसाहेब, पावडर तोंडाला लावा! पोटात गेली की आतडी एकमेकांना चिकटतात. सहा महिन्यांनी पेशंट ओरडत येतो आणि आपण म्हणतो, गॅस झालाय." असं बोलणारे सर्जन तेव्हा फार नव्हते. मला रडू आलं, पण शहाण्या माणसाकडे शिकतेय म्हणून बरंही वाटलं.

आणि मग माहुलची ती कोळीण. भर दुपारी नवऱ्यानं आणली, अपेंडिक्स फुटलेलं, नाडी हाताला लागत नव्हती. सिस्टर पाणी घेऊन पुढे आली तर तुम्ही म्हणालात, "राहू दे, वेळ नाही." तुम्ही धुतले नाहीत, मीही नाही. ती वाचली, स्वतःच्या पायांनी घरी गेली. आपण दोघं काय खूश होतो त्या दिवशी!

आठ महिन्यांनी ती परत आली. पोट टम्म फुगलेलं, उलटी हिरवी. तुम्ही टाके होते तिथंच पुन्हा उघडता, मी समोर उभी. आतडी एका गोळ्यात चिकटलेली, त्यांच्यावरून पांढरट पट्टे, आणि मधेमधे कणीएवढ्या गाठी. एक गाठ तुम्ही बोटानं चाचपता आणि मास्कच्या वरून माझ्याकडे बघता. दोघांनाही कळलंय. "आज सोडवली नाहीत तर ही मरेल," तुम्ही हळूच म्हणता, "आणि सोडवली तर जिथं जिथं कापतोय तिथं पुन्हा धरणार. बाहेर पडायचं कुठून, सांग ना!" त्या दिवशी आपण तीनतीनदा हात धुतले होते.

राउंडला तुम्ही तिची खाट टाळायला लागलात. तिसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलंत. "तू सांग तिला. चूक आमच्या हातून झाली. पुन्हा दुखू शकतं, आणि दुखलं तर काढे-बिढे घेत बसू नकोस, तडक इथं ये, म्हणावं. माझ्या तोंडून निघत नाही गं." मला असा संताप आला! चूक तुमची आणि तोंड माझं काळं? पण हात माझेही होतेच की त्या पोटात. गेले मी. ती खाटेवर केस विंचरत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, "बाय, खरा सांग, माजा काय चुकला?"

आणि मी म्हणाले, "तू मासळीची टोपली लवकर उचललीस."

किती पटकन आलं ते वाक्य! तिनं कपाळावर हात मारून घेतला. बाहेर तुम्ही उभेच होतात. "सांगितलंस?" "हो, सर." "काय म्हणाली?" "समजून घेतलं तिनं."

दोनेक महिन्यांनी ती फडक्यात बांधलेली पापलेटं घेऊन आली. तुमच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती, पण ते फडकं तुम्ही दोन्ही हातांत धरून केबिनमध्ये आलात, आणि तुमचे डोळे भरले. "माफ केलं गं तिनं मला." तुम्हाला खरं सांगावं तर तिला सांगावं लागणार, तिला सांगावं तर तुम्हाला. मी अशी अडकले की रोज तुमच्यासमोर उभं राहणंही नको व्हायचं. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात, आणि लाज वाटते लिहायला, मला सुटल्यासारखं वाटलं.

सुटका कसली! त्यानंतर चार महिन्यांत तिला पुन्हा आणलं. टोपली तिनं केव्हाच जावेला देऊन टाकली होती. पण घरात पाणी नव्हतं म्हणून एक हंडा उचलला, आणि पोटात कळ आली. दोन दिवस तिनं कुणाला कळू दिलं नाही. बाय रागावतील, म्हणाली. आतडं काळं पडलं होतं, माझ्या हातात काही उरलं नव्हतं. ती गेली.

हे पत्र कुठं पाठवू? तुमचा पत्ता नाही, तिचाही नाही. एवढंच राहिलंय सांगायचं. तिचा नवरा व्हरांड्यात माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "बाय, तिनं तुमचा ऐकला नाय, माफ करा." आणि सर, मी म्हणाले, "असू दे."