एका पानाचं परिपत्रक

ता. ३ जुलै

चि. बाळ्यास, अ. उ. आ.

पोटातली गाठ काढायचं ठरलं. तारीख २० ऑगस्ट. मनी घरातलं सगळं बघते आणि वर माझ्यावर डाफरते. लेक कमी, सासूच जास्त. तू मात्र ये. सहा तासांचा तर प्रवास, मध्ये सरहद्द असली म्हणून काय झालं? मला फार भीती वाटते, बाळ्या. मनीला हे सांगितलेलं नाही.

उत्तराची वाट बघणारी,
ताई

ता. १४ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सरहद्दीपलीकडं फोन केला तर ऑफिसात त्याची नोंद द्यावी लागते, म्हणून पत्रच लिहितो. आम्हा सरकारी नोकरांना तिकडं यायला परवानगी लागते. आजारपणासाठी ती फक्त आई, वडील, पत्नी आणि अपत्यं यांच्याकरता मिळते. बहीण त्यात नाही.

आता कसं सांगू? ते परिपत्रक मीच तयार केलं होतं. मसुद्यात भाऊ-बहीण होते. पण मजकूर दोन ओळींनी दुसऱ्या पानावर जात होता आणि साहेबांना दुसरं पान खपत नाही. काहीतरी कमी करा म्हणाले. मी नेमक्या त्याच दोन ओळी उडवल्या. सुटसुटीत झालं म्हणून साहेबांनी पाठ थोपटली आणि मी दिवसभर खुशीत होतो.

परवानगीवाचून आलो तर नोकरी जाईल. तरी अर्ज करतोच.

तुझाच,
बाळ्या

ता. २३ जुलै

चि. बाळ्यास, अ. उ. आ.

दोन ओळींत बहिणीला निकालात काढलंस, शाबास! लहानपणी पाटीवर एक अक्षर खोडायचं तर रडायचास.

अर्जात सरळ ‘आई’ लिही. आई गेली तेव्हा तू अकरा महिन्यांचा होतास आणि मी पंधरा वर्षांची. तुला भरवलं मी, शाळेत पालक म्हणून सही केली मी. यात खोटं काय आहे? ये रे. आढेवेढे घेऊ नकोस.

तुला बघायला आसुसलेली,
ताई

ता. ९ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सेवापुस्तकात आईच्या मृत्यूचा दाखला आहे. पेन हातात धरून बराच वेळ बसलो आणि शेवटी ‘बहीण’ लिहिलं. अर्ज आज परत आला, सोबत माझंच परिपत्रक जोडलेलं. दुरुस्तीची टिपणी साहेबांपुढं ठेवली, तर म्हणतात, वर्षअखेरीस बघू.

नोकरीवर लाथ मारून निघावं असं रोज वाटतं. मग मुलांच्या शाळा आठवतात. मी भित्रा आहे, ताई. मला माफ कर.

अपराधी,
बाळ्या

ता. २४ ऑगस्ट

ती. मामास, सा. न.

आई काल सकाळी गेली. ऑपरेशन नीट झालं होतं, दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि उतरलाच नाही. तुला येता येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून थांबलो नाही. सगळं मीच केलं.

दवाखान्यात भरती होताना फॉर्म तिनं स्वतः भरला. ‘अपत्ये’ या रकान्यात दोन नावं आहेत. पहिलं तुझं, मग माझं. आडनाव वेगळं कसं, असं तिथल्या कारकुनानं विचारलं. ती म्हणाली, थोरला सरकारी नोकरीत आहे, त्याला सुटका नसते.

त्या फॉर्मची नक्कल दवाखान्याचा शिक्का मारून घेतली आहे, सोबत पाठवते. अर्जाला आता तिचा उपयोग नाही. पण तुझ्याजवळ असू दे.

तुझी,
मनी