बर्फाच्या कारखान्यातला जांभळा झगा

४ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात नाइट क्लब निघतोय. दारावर पाटी: फक्त प्रौढांसाठी. आत पुरुष झगे घालून, तोंडं रंगवून गाणार. गावाचं वाटोळं. मी गप्प बसणारा टेलर नाही. संकल्प दोन. विरोध समिती काढणे. चहा दिवसातून दोनदाच.

५ फेब्रुवारी
समिती स्थापन. अध्यक्ष मी. चिटणीस मेहुणा, कारण तो माझ्या दुकानात बसलेलाच असतो. ही म्हणाली, अध्यक्षांनी आधी शाळेचे गणवेश पुरे करावेत. तीस वर्षं राखाडी पँटी शिवतोय, दोन दिवस थांबल्या तर कोणी उघडं पडणार नाही.
चहा चारदा. समितीमुळे.

८ फेब्रुवारी
सह्यांची मोहीम जोरात. वेगळी वही आणायची राहिली, म्हणून मापांच्या वहीतच सह्या घेतोय. उलट सोयीचं. हात वर करून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. ज्याचं माप, त्याच्याच खाली सही.

११ फेब्रुवारी, दुपारी
शत्रू दुकानात आला. क्लबचा मुख्य गायक. सहा फूट उंच, खांदे कपाटाएवढे, काखेत जांभळं सॅटिन. म्हणाला, तयार झगा पाठीत बसत नाही आणि बाकीच्या टेलरांनी हाकलून लावलं. मी बाणेदार नकार देणारच होतो, पण त्याने मला मास्टर म्हटलं, आणि हिने मध्येच त्याला चहा दिला.
मापं घेतली. केवळ पुरावा म्हणून.

१३ फेब्रुवारी
कापड बेतलं. पुरावा घडीत राहिला तर चुरगळतो. सॅटिन उरेब, म्हणजे तिरकं, कापलं की अंगावरून पाण्यासारखं उतरतं. खरं सांगायचं तर तीस वर्षांत असं कापड हाताला लागलं नव्हतं. फार आनंद झाला.
(वरचं वाक्य खोडणे.)

१५ फेब्रुवारी
मेहुण्याने मशीनवर जांभळं पाहिलं. पडदा आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, पडद्याला कंबर असते हे ठाऊक नव्हतं. चिटणीस बदलावा लागेल.

१८ फेब्रुवारी
सह्या एकसष्ट. उद्या नगरपालिकेत परवान्याची सुनावणी. क्लबचं काही खरं नाही.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी
सुनावणी झाली. मी वही रुबाबात अधिकारीबाईंपुढे ठेवली. त्यांनी सह्या वाचायला घेतल्या, पण मापांसकट. बँक मॅनेजर, पोट शेहेचाळीस, विरोध. मुख्याध्यापक, पोट पन्नास, विरोध. सभागृह हसू लागलं. जवळजवळ चाळीस जणांनी, आपली पाळी येण्याआधीच, घाईघाईने सह्या मागे घेतल्या.
मग पान उलटलं. मुख्य गायक, झगा, जांभळा, मागे चुण्या, जीव ओतून शिवणे. अक्षर माझंच होतं. मी म्हणालो, हा पुरावा आहे. बाईंनी विचारलं, पुरावा कधी तयार होतोय. सगळ्यांत मोठ्याने मेहुणा हसला.
परवाना मिळाला. नैतिक विजय आपलाच.

२१ फेब्रुवारी
नवा बेत. उद्या उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसायचं आणि ऐन कार्यक्रमात उठून भाषण ठोकायचं. तीन पानं लिहिली. दिवसभर पाठांतर. त्या नादात झग्याच्या डाव्या काखेला कच्ची शिलाईच राहिली आणि ही झगा परस्पर देऊन आली. असू दे. शत्रूचं काय ते तो बघेल.
झोप नाही. भाषणामुळे.

२३ फेब्रुवारी, सकाळी ९
काल क्लब तुडुंब. पहिल्या रांगेत अख्खी विरोध समिती. ही ठेवणीतल्या कपड्यांत. दिवे लागले आणि तो आला. गाता गाता पाठमोरा वळला, तेव्हा मागच्या चुण्या कमरेपासून जमिनीपर्यंत एका लयीत सुटल्या. एकही वाकडी नव्हती. माझे डोळे भरून आले. इतकं देखणं काही आपल्या हातून होईल असं वाटलं नव्हतं.
तेवढ्यात ठरल्याप्रमाणे उभा राहिलो. गाणं थांबलं. तीन पानं पाठ होती. तोंडातून निघालं: डावा हात वर करू नका, काखेत कच्ची शिलाई आहे.
आधी हशा, मग टाळ्या. त्याने पुढची सगळी गाणी डावा हात अंगाशी धरून म्हटली. शेवटी झगा कोणी शिवला ते सांगितलं आणि मला उभं केलं. ही शिट्टी वाजवते हे मला आजवर माहीत नव्हतं.
समितीत आता मी एकटाच. विरोध चालू राहील.

त्याच दिवशी, दुपारी
मेहुणा दुकानात आला. दार लोटून घेतलं. पिशवीतून हिरवं सॅटिन काढलं. पडदा शिवायचाय म्हणाला.
मी टेप काढली आणि त्याची कंबर मोजली.