पाऊस मागायचं मडकं

४ जून १९५८
आजपासून मी जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाचा दुभाषा. टेकडीवर पत्र्याची खोली मिळाली, दाराला चक्क कडी आहे. खाली झांबेझी आणि काठावर आमचं गाव. बहीण चिपेगो ज्वारीची आंबील घेऊन आली. म्हणाली, आता आम्हाला ओळख देशील ना, की तीपण साहेबाला विचारून?

१९ जून
धरणाचं पाणी गावावर येणार, सगळ्यांनी वरच्या माळावर चला, हे सांगायचं काम माझं. आमच्या देवस्थानाचा राखणदार मामाच. तो हसला. नदीतला नागदेव न्यामिन्यामी, त्याची बायको धरणाच्या भिंतीपलीकडे अडकलेली, तो काय गप्प बसणार आहे होय? मग म्हणाला, पाऊस मागायचं मडकं आधी माळावर ने, ज्वारीची बिअर ओत, पितरांना नवं घर दाखव. तू भाचा, म्हणजे आपल्या रीतीने माझा वारस. तुझ्याच हातून व्हायला हवं. पितर गेले की आम्ही आलोच.

२ जुलै
ट्रक साहेबाच्या तंबूंनी भरलेला. मडकं देवस्थानाच्या झुडपातच ठेवलं, पुढच्या खेपेला नेऊ. मामाने विचारलं, बिअर ओतलीस? ओतली म्हणालो. त्याने आमच्या रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून माझे आभार मानले. गाव निघालं. साहेबाने पाठ थोपटली. मला जेवण गेलं नाही.

१४ डिसेंबर
धरणाची दारं महिन्याच्या सुरुवातीलाच बंद झाली. देवस्थान बुडालं. पुढची खेप मी कधी केलीच नाही.

९ जानेवारी १९५९
माळावर पाण्याचा थेंब नाही आणि मुलं नदीचं पाणी ओकतात. गाळ, शेवाळ. चिपेगोची पोर मुतिंतासुद्धा. मामा म्हणतो, कुणाचं काही चुकलं असेल तर त्याने बोलावं, नवं मडकं मांडू, पोर वाचेल.

११ जानेवारी
भर दुपारी मुतिंता उठून बसली. आवाज तिचा नव्हता. सगळ्यांसमोर मला विचारलं, बिअर ओतलीस?
ओतली म्हणालो. पुन्हा. लाज वाटते स्वतःची.

१२ जानेवारी
खोली ओली. दारापासून खाटेपर्यंत जाड ओला पट्टा — सरपटत गेल्यासारखा —

१३ जानेवारी
चिपेगो दारात. पोर पाठीला बांधलेली, अजून धुगधुगी आहे. विचारतेय, दादा, खरं सांग ना रे.
सांगतोय. पण तोंड उघडलं की पाणीच येतं. गाळ —
तिला वाचता येत नाही. तरी लिहितो. चिपेगो, ते मडकं मी —