वादळ जागचं हलत नाही

३ जून
चक्रीवादळाची पुढची वाट सांगणारं माझं मॉडेल पास झालं. गेल्या वर्षीच्या सगळ्या वादळांवर चालवून पाहिलं. माझी रेघ आणि वादळाची खरी वाट एकमेकांवर तंतोतंत बसतात. आमच्या प्रमुख डॉ. लुंडक्विस्टबाई म्हणाल्या, इतका चांगला निकाल आपल्या प्रयोगशाळेत कधी आला नव्हता, नवलच आहे. आता या हंगामात ते अंदाज केंद्राच्या ड्यूटीच्या टेबलावर चाचणीसाठी जाणार. तिथे टिकलं तर मी कायम होईन. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलेल्या माणसाला हे कमी नाही. अख्ख्या प्रोग्रॅममध्ये स्पेलिंगची एकही चूक नाही, ओळींशेजारी लिहिलेल्या शेऱ्यांमध्येसुद्धा.
ठराव: नम्र राहायचं. फक्त ओदालिसमावशीला सांगायचं.

४ जून
मावशीने कॉफीच्या खिडकीवर, जिथे सगळी गल्ली कॉफी प्यायला जमते तिथे, सांगितलं. म्हणजे आमच्या हायलिया गावात आता सगळ्यांना माहीत आहे. शेजारचे बाल्दोमेरोकाका डॉमिनोची सोंगटी आपटत म्हणाले, गेल्या वर्षीचं वादळ कुठे गेलं ते मीही सांगतो रे, माझं छप्पर घेऊन गेलं. सगळे हसले. मीही हसलो, नम्रपणे. त्यांना संशोधन कळत नाही, यात त्यांचा दोष नाही.

१७ जून
अंदाज केंद्रात ड्यूटीवर असणारे थेरॉन पिकेट भेटले. त्यांनी विचारलं, तुझं मॉडेल कोणती मोजमापं वाचतं? म्हटलं, सगळी. ते म्हणाले, सगळी म्हणजे कधीपर्यंतची? म्हटलं, सगळी म्हणजे सगळी. ते माझ्याकडे बघतच राहिले. जुन्या लोकांना नव्या गोष्टींची धास्ती असते.
मावशी म्हणाली, जळतोय मेला तुझ्यावर, तू जेव.

२२ ऑगस्ट
वादळ आलं. नाव रोझालिंड, बहामा बेटांच्या पूर्वेला. बाकी सगळी मॉडेलं ते आमच्या अंगावर आणतात. माझं म्हणतं, पाचही दिवस आहे तिथेच राहणार. थेरॉनचा फोन: तुझं वादळ जागचं हलत नाही बाबा, खिळा ठोकलायस का त्याला? मी शांतपणे सांगितलं की वादळं कधीकधी थांबतात. बाकीची मॉडेलं एकमेकांची री ओढतात, हे मात्र सांगितलं नाही.
मावशीला सांगितलं. नम्रतेचा ठराव तात्पुरता स्थगित.

२३ ऑगस्ट
गल्लीत खिडक्यांना पत्रे लावायला सुरुवात. आमच्याकडे हे काम कोणी एकट्याने करत नाही. एक जण शिडी धरतो, एक पत्रा, एक ड्रिल चालवतो. असं घरामागून घर. मावशीने सगळ्यांना परत पाठवलं. म्हणाली, आमच्या एदेलचं मॉडेल म्हणतंय येणार नाही, उगाच घरात अंधार कशाला करता? बाकी गल्ली ऐकून घरी गेली. बाल्दोमेरोकाका एकटेच शिडीवर. मावशीने खालून विचारलं, पोराच्या मॉडेलवर विश्वास नाही वाटतं? ते म्हणाले, मॉडेलवर आहे गं, वादळावर नाही.


२४ ऑगस्ट, सकाळ
थेरॉननी बोलावून घेतलं. पॅसिफिकमध्येही एक वादळ आहे. माझ्या मॉडेलमध्ये तेही उभं. ते आवाज न चढवता म्हणाले, तुझा प्रोग्रॅम उद्याच्या विमानाची मोजमापं मागतोय. उद्याचं विमान अजून उडालेलं नाही रे.
स्वच्छ लिहून ठेवतो. वादळात विमानं जातात आणि मोजमापं आणतात. जुन्या वादळांच्या चाचणीत पुढच्या दिवसांची मोजमापंही तिथेच पडून होती. माझं मॉडेल ती वाचायचं आणि मग भविष्य सांगायचं. खऱ्या वादळात उद्याचं काही हाती लागेना, तेव्हा शेवटच्या ठाऊक जागेवर गप्प उभं राहिलं. प्रोग्रॅममधल्या त्या चुकीच्या ओळीतलं स्पेलिंग मात्र बरोबर आहे.
लुंडक्विस्टबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
गल्लीला सांगायला हवं. आधी थोडं खाऊन घेतो. वारा अजून सुटलेला नाही.

२४ ऑगस्ट, दुपार
वारा सुटला. सांगितलं. मावशीच्या दारात, सगळ्यांसमोर: माझं चुकलं, वादळ येतंय, पत्रे लावा. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग आकाशाकडे. कोणी शिवी दिली नाही. तेवढा वेळच नव्हता. बाल्दोमेरोकाका शिडी घेऊन आले आणि म्हणाले, धर. आमचं घर शेवटी घ्या, असं मीच म्हटलं. स्वयंपाकघराची खिडकी राहून गेली.

२७ ऑगस्ट
माणसं सगळी धड आहेत. आमचं अवोकाडोचं झाड खिडकीतून आत येऊन ओट्यावर पडलंय. मावशी म्हणाली, एवीतेवी यंदा फळं तोडायला वर कोण चढणार होतं?

९ सप्टेंबर
मॉडेल दुरुस्त केलं. जुन्या वादळांवर पुन्हा चालवलं, या वेळी त्या त्या दिवशी जे माहीत होतं तेवढंच दाखवून. कालच्या दिशेने पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तरी माझ्यापेक्षा बरा अंदाज येतो. चाचणी बंद. कायम होण्याचा विषय कोणी काढत नाही. मीही नाही.
संध्याकाळी कॉफीच्या खिडकीवर गेलो. मावशी सांगत होती, वादळ येतंय हे गल्लीत सगळ्यांत आधी आमच्या एदेलने सांगितलं, धावत आला बिचारा. बाल्दोमेरोकाका समोरच होते. त्यांनी सोंगटी लावली, माझ्याकडे पाहिलं आणि मला बसायला जागा करून दिली.
एखादा टोमणा तरी मारायला हवा होता त्यांनी.