दुधाने लिहिलेले आकडे

तुम्ही मला ओळखत नाही. तुमची मुलगी, मी त्यांना आजी म्हणायचे, इथे मेलबर्नमध्ये एकट्या राहायच्या. वर्गात माझं तोंडच उघडायचं नाही, म्हणून मी अकरावी अर्धवट सोडली आणि त्यांच्याकडे साफसफाईला जायला लागले. लॉकडाऊनमध्येही मला कामावर जायचं परमिट होतं. आजी म्हणायच्या, "तू कुठे बोलणार नाहीस, म्हणून तुला सांगते."

दुसऱ्या महायुद्धाआधी तुमची नोकरी पोलंडमध्ये जर्मन हेर पकडायची. संशयितांची पत्रं तुम्ही घरी आणायचात, किटलीच्या वाफेवर उघडायचात आणि वर गरम इस्त्री फिरवायचात. दुधाने काही लिहिलेलं असेल तर तपकिरी होऊन दिसतं. हे तुम्हीच आजींना त्या नऊ वर्षांच्या असताना गंमत म्हणून शिकवलंत. एकदा गावातल्या घड्याळजीने जर्मनीतल्या बहिणीला लिहिलेलं पत्र टेबलावर वाळत होतं आणि तुम्ही लाकडं आणायला गेलात. आजींनी काडी दुधात बुडवून मागच्या कोऱ्या बाजूला आकडे लिहिले. घरामागून जाणाऱ्या लष्करी आगगाड्यांचे डबे त्या रोज मोजायच्या, तेच. बाबा चकित होतील, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही इस्त्री फिरवली, आकडे उमटले, घड्याळजीच हेर असं तुम्हाला वाटलं आणि तुम्ही तसेच धावत बाहेर गेलात.

दुपारी घड्याळजी तुमच्या स्वयंपाकघरात आहे. दोघांनी धरलाय, उजवा हात टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. तुम्ही आजींना आतल्या खोलीत ढकलता. "पाढे म्हण. मोठ्याने. शेजाऱ्यांना दुसरं काही ऐकू यायला नको." आजी सातचा पाढा म्हणतात. ड्रॉवर धाडकन बंद होतो. "डबे कोण मोजतं?" "साहेब, आईशप्पथ, मला माहीत नाही!" परत ड्रॉवर. तुमच्यातला एक जण हसतो, "आता घड्याळं पायाने उघडशील का रे?" आजी आठच्या पाढ्यावर आल्यात, तरी बोट मोडल्याचा आवाज ऐकू येतोच. चौथ्या बोटाला तो ओरडला, "मीच! मीच मोजतो!" त्याला गोळ्या घातल्या. तुम्हाला बढती मिळाली, आजींना बर्फावर घसरायचे बूट. पुढच्या वर्षी जर्मन आले आणि तुम्हालाच भिंतीपाशी उभं करून मारलं. आकडे आपण लिहिले होते हे आजींचं सांगायचं राहूनच गेलं.

मग आजींना कोविड झाला. हॉस्पिटलमधून नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला. "बाबांना लिही," त्या म्हणाल्या, "सॉरी लिही. माझ्यामुळे त्यांच्या हातून निर्दोष माणूस मेला. आणि मला वाचून दाखव."

माझी आई म्हणाली, "लिही ना गं, काय जातंय तुझं?"

बसले लिहायला. नाही लिहवलं. नऊ वर्षांच्या मुलीने आकडे लिहिले. ड्रॉवर तुम्ही बंद केलात, चार वेळा. तो बंद करताना ती पलीकडे आहे हे तुम्हाला माहीत होतं. सॉरी कोणी म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी परत कॉल आला. आजींना धाप लागत होती. "लिहिलंस?"

"हो."

"वाच."

मी कोरा कागद समोर धरला आणि वाचलं, डिअर पापा, आय ॲम सॉरी. आकडे, दूध, सगळं. एवढं सलग मी कधीच बोलले नव्हते. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. संध्याकाळी त्या गेल्या.

हे मी त्यानंतर लिहिलंय. पाठवणार कुठे? पण एक सांगते. वाचून झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "आजी, ते म्हणाले असते, तुझी चूक नव्हती." तुम्ही असं म्हणाला असतात असं मला वाटत नाही. तुमच्या नावावर खपवलं.