बाबा, सोडा पिऊन गप्प बसू नका

तीर्थरूप बाबांस,
भांडून निघालेल्या मुलाचा साष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम मिळालंय. मध्यंतरी रोज रात्री छातीत आग व्हायची. मला वाटलं, जिच्यावर जीव होता तिचं दुसरीकडे लग्न ठरल्याचं दुःख आहे, म्हणून महिनाभर सोसलं. शेवटी मुकादम म्हणाला, "अरे प्रेमवीरा, दहा वाजता ताटभर तिखट गिळतोस आणि तसाच आडवा होतोस. जळणार नाही तर काय!"

आता सातलाच जेवतो, तेही बेताचं. नंतर तीन तास आडवा होत नाही. संध्याकाळचा चहा सोडला. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्यात. बराच आराम आहे.

हेच तुम्हाला कळवणार होतो, तेवढ्यात ताईचं पत्र आलं. तुमचा घास अडकतो, पँट कमरेवर राहत नाही, आणि तुम्ही सोडा पिऊन गप्प बसता. बाबा, हे विटांनी जाणारं दुखणं नाही. इथल्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांचं हसू मावळलं. म्हणाले, "उद्याच दाखवायला सांग."

"मला काय धाड भरलीय" म्हणू नका. माझ्यावरचा राग हवा तर वाढवा, पण ताईला घेऊन जा. आई वेळेवर जेवते ना?

कधीपासून होतंय, असं डॉक्टर विचारतील. तुम्ही "दोन-चार दिवस" म्हणाल. ताई लिहिते, धाकट्यानं घर सोडलं त्या दिवसापासून. तेच सांगा, बाबा. मला राग येणार नाही.

तुमचाच,
तापट धाकटा