डावीकडचा बोल्ट

६ मार्च, शुक्रवार

ठरलं. सासऱ्यांच्या गाडीचं गिअरबॉक्स ऑइल मी स्वतः, घरी बदलणार.

गाडी चौदा वर्षांची, हायब्रीड. म्हणजे हळू असताना बॅटरीवर, वेग घेतला की पेट्रोलवर. सासरे रिटायर्ड फिटर. आजवर तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी गेल्या आठवड्यात इंजिनचं ऑइल त्यांनी बदललंच, निव्वळ हाताच्या अंदाजाने. तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. गिअरबॉक्सचं तेवढं गॅरेजमधून करून आणा म्हणाले. गॅरेज कशाला? मी मेलोय का?

मंगळवारी सकाळी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच गाडीतून जायचंय. त्याआधी काम फत्ते. या घरात मला साधा बल्बसुद्धा बदलू देत नाहीत, ते एकदाचं थांबेल.

७ मार्च, शनिवार

व्हिडिओ पाहिला. बावीस मिनिटांचा, दुप्पट स्पीडने अकरात उरकला. अगदीच सोपं. गाडीखाली दोन बोल्ट. उजवा इंजिनचा, डावा गिअरबॉक्सचा. डावा लक्षात ठेवायचा, की संपलं.

ही म्हणाली, हात लावण्याआधी बाबांना एकदा विचार. मी म्हणालो, त्यांना विचारून काय उपयोग, त्यांना दिसतंय कुठे? जरा मोठ्याने म्हणालो बहुतेक. आतल्या खोलीतला रेडिओ तेवढ्यात बंद झाला.

८ मार्च, रविवार. सकाळी ९

सुरुवात. व्हिडिओतला माणूस गाडीच्या पुढून खाली शिरतो. आपल्या गाडीचं तोंड भिंतीकडे. मी मागून शिरलो. प्रसंगावधान म्हणतात ते हेच.

दुपारी १

झालं! डावा बोल्ट काढला, ऑइल भळाभळा आलं. मधासारखं स्वच्छ. म्हणजे बदलायची गरजच नव्हती, सासऱ्यांना उगाच काळजी करायची सवय. बोल्ट परत घट्ट लावला. मग नवं ऑइल भरायला गिअरबॉक्सचं वरचं झाकण उघडलं, तर तिथूनही ऑइलची धार, थेट बाहीत. सांदीकोपऱ्यात अडकलेलं असणार. मोठ्या सिरिंजने नवं ढकललं तर तेही बाहेर यायला लागलं. जेमतेम कपभर आत गेलं असेल. पुस्तकात मात्र साडेतीन लिटर लिहिलंय. कंपन्या लोकांना किती मूर्ख समजतात!

सासरे दारात उभे होते. गिअरबॉक्सचं जुनं ऑइल काळं निघालं का, विचारलं. मी हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

९ मार्च, सोमवार

संध्याकाळी ट्रायल. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून फक्त बॅटरीवर चालवायचं बटन दाबून गल्लीत चार फेऱ्या मारल्या. लोण्यासारखी गेली. हिला शेजारी बसवलं होतं. ती चक्क म्हणाली, चांगलं केलंस हं. लग्नाला अकरा वर्षं झाली.

१० मार्च, मंगळवार. दुपारी ४

ऑफिसमधून लवकर आलो. लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

ही गाडीतून बाबांना ऑपरेशनला घेऊन निघालेली. पावणेआठला तिचा फोन. मोठ्या रस्त्याला लागून दोन मिनिटं झाली तोच समोर लाल दिवा पेटला म्हणाली, तेलाच्या बुधलीसारखा. बाबा थांब म्हणतायत, काय करू? मी म्हणालो, सेन्सर आहे. नवीन ऑइलची सवय होईतो दाखवणारच. हळूहळू जा.

ती गेली. तीन किलोमीटरनंतर इंजिन खडखडून बंद पडलं, ते कायमचंच. टॅक्सी मिळेपर्यंत ऑपरेशनची वेळ टळली. पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची.

दोष व्हिडिओचा. त्यात लाल दिव्याबद्दल चकार शब्द नव्हता.

११ मार्च, बुधवार

तिघंही गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाला म्हणाला, इंजिन जाम. आत औषधालाही ऑइल नाही. खालचा बोल्ट घट्ट, गळती कुठे नाही. म्हणजे कुणीतरी जुनं काढलं आणि नवं घालायचंच विसरलं. मग गिअरबॉक्स तपासला. काठोकाठ भरलेला. माझ्याकडे बघून म्हणाला, तुमचं काम मात्र चोख आहे, साहेब.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मागून शिरलं की डावं ते उजवं होतं. मी सासऱ्यांनी घातलेलं नवं कोरं इंजिन ऑइल काढून टाकलं होतं.

ही बाबांना म्हणाली, तुम्ही घातलं होतं ना ऑइल? ते म्हणाले, घातलं होतं असं वाटतंय.

इथे मी बोलायला हवं होतं. गॅरेजमध्ये आवाज फार होता.

१२ मार्च, गुरुवार

हिने बाबांच्या गोळ्या वारांचे कप्पे असलेल्या डबीत भरल्या. चहा स्वतः करायचा नाही, गॅसला हात लावायचा नाही. त्यांनी वाद घातला नाही. घातला असता तर बरं वाटलं असतं. सोमवारी दुपारी स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली आहे.

संकल्प: उद्या सगळं खरं सांगायचं.

१३ मार्च, शुक्रवार

आज ऑफिसात वर्कलोड.

१४ मार्च, शनिवार

नीट विचार केला. या वयात तपासणी केलेली बरीच असते. म्हणजे एका अर्थी माझ्यामुळे त्यांची तपासणी होतेय.

वाक्य लिहिलं आणि स्वतःचीच किळस आली. खोडत नाही. राहू दे.

१५ मार्च, रविवार

सांगायला गेलो. खरंच गेलो. खुर्ची ओढून समोर बसलो, घसा साफ केला. तेवढ्यात तेच म्हणाले, जावईबुवा, माफ करा. तुम्ही इतक्या हौसेने काम केलंत आणि मी सगळ्यावर पाणी फिरवलं. पोरीचा जीवही धोक्यात घातला.

मी म्हणालो, असू द्या बाबा, होतं असं.

मी त्यांना माफ केलं. दुपारी जेवण गेलं नाही. ही म्हणाली, किती मनाला लावून घेतोस दुसऱ्यांचं.

१६ मार्च, सोमवार. दुपारी १२

रजा घेतली. बाबांना चार वाजता डॉक्टरांकडे न्यायचं माझ्याकडे. ही ऑफिसला.

सकाळी त्यांनी हाक मारली. डॉक्टर काय काय विचारतात ते त्यांनी कुणाकडून तरी फोनवर मिळवून मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ठेवलं होतं. माझ्या हातात कागद देऊन म्हणाले, माझी परीक्षा घ्या. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. नापास व्हायचं नव्हतं त्यांना.

आजची तारीख, वार, बरोबर. शंभरातून सात वजा करत दोनपर्यंत आले, न चुकता. इतकं मला येत नाही.

मग म्हणाले, एक कागदाबाहेरचं. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी बोल्ट फिरवत सांगू लागले. बोल्ट काढला. तेल निथळू दिलं. बोल्ट लावला. मग नवा डबा फोडला. इथे बोट थांबलं. फोडला ना? रोज इथवर येतो आणि पुढचं दिसतच नाही, म्हणाले.

मी म्हणालो, फोडलात. घातलंतसुद्धा, पूर्ण. मी काढलं.

सगळं सांगितलं. व्हिडिओ, मागून शिरणं, मधासारखं ऑइल, गॅरेजमधलं गप्प बसणं. वाटलं, ओरडतील. किंवा मोठ्या मनाने खांद्यावर हात ठेवतील. दोन्हींची तयारी होती.

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. चाचपडत फोन शोधला, हिला लावला आणि लहान मुलासारखे म्हणाले, अगं, मी विसरलो नव्हतो! घातलं होतं मी तेल! दोनदा म्हणाले, मग तिसऱ्यांदा, आणि रडायला लागले.

पलीकडून ही विचारत होती, मग काढलं कोणी?

सासऱ्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला, हॅलो म्हणालो आणि मग म्हणालो, मी काढलं.